जहाज सुटलं, मुक्काम मिळेना

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "तर" थोडे गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजची सुरुवात यूट्यूबवरून करतो. तिकडे व्हिडिओंचा एक प्रकार फार चालतो. परदेशातलं एखादं जोडपं काही वर्षं शिडाच्या बोटीवर राहतं, मग एक दिवस बोट विकतं आणि आरव्ही घेतं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, बिछाना, पाण्याची टाकी, सगळं गाडीत. आपल्याकडे तिला कॅराव्हॅन म्हणतात, आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये तिच्यासाठी पर्यटन धोरणसुद्धा आणलं. आपल्या म्हणीत सांगायचं तर विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, फक्त एसी लावलेलं. या व्हिडिओंमध्ये एक वाक्य कुठेतरी येतंच: "आता वाटेल तिथे थांबता येईल."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे.

मी साक्रीचा. सुरत-धुळे हायवे आमच्या गावावरून जातो. नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, मग साक्री, पुढे धुळे. लहानपणापासून या रस्त्यावर मी कायम कोणीतरी कुठेतरी जाताना पाहिलंय. कापसाचे ट्रक, सुरतेला जाणाऱ्या लक्झरी, उसाच्या गाड्या. शाळेत इतिहास शिकलो तो रायगडचा, पुण्याचा, पानिपतचा. खानदेश त्यात यायचा तो "वाटेत" म्हणून. पुढे बीटेक झालं, नोकरी लागली, आणि जुनी प्रवासवर्णनं वाचायचा नाद लागला. तेव्हा कळलं की ४०० वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून अशी माणसं गेली आहेत ज्यांनी खरोखर जहाज सोडून गाडीरस्ता धरला होता. कोणी खुशीने, कोणी नाइलाजाने. त्यांनी डायऱ्या लिहिल्या. त्यात आपल्या गावांची नावं आहेत.

रस्ता कुठून जायचा

सतराव्या शतकात सुरत हे मुघलांचं मोठं बंदर होतं. तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे, त्यामुळे इंग्रजांची मोठी जहाजं आत न येता जवळच्या सुवाळीला नांगर टाकायची. तिथून आग्र्याला जायचे दोन मुख्य रस्ते. एक अहमदाबादवरून, दुसरा बुऱ्हाणपूरवरून. दुसरा आपला.

कोणी विचारेल, तापी तर सुरतेपासून थेट बुऱ्हाणपूरपर्यंत जाते, मग नावेने का नाही गेले? कारण तापी तशी नदीच नाही. समुद्राची भरती पोचते तेवढाच भाग नावांच्या कामाचा. वर खडक, धावते पट्टे, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी आणि पावसाळ्यात पूर. म्हणून समुद्रावरून आलेल्या प्रत्येकाला सुरतेला बोट सोडून बैल धरावाच लागायचा.

या प्रवाशांनी नोंदवलेले मुक्काम मी एका शीटमध्ये टाकले आणि नकाशावर ठेवले. व्यारा, नवापूरचा परिसर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, मग तापी ओलांडून थाळनेर, चोपडा, अडावद, यावल, रावेर आणि बुऱ्हाणपूर. त्यांच्या लिखाणात शिंदखेड्याचं "सिंदकेरी" होतं आणि चोपड्याचं "चुपरा". तरी ओळखू येतात. पश्चिमेकडचा अर्धा रस्ता आजच्या सुरत-भुसावळ रेल्वेच्या बराच जवळून जातो. साक्री या मुख्य वाटेच्या थोडी दक्षिणेला. पण आमच्या तालुक्यातला निजामपूरजवळचा भामेरचा किल्ला आणि पलीकडे बागलाणातले मुल्हेर, साल्हेर हे सगळे याच वाटेच्या शेजारचे.

शेजारचे असणं महत्त्वाचं होतं. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये इथून गेला. तो लिहितो की बागलाणच्या प्रतापशाह राजाला अकबराचं सैन्य सात वर्षं वेढा घालूनही हरवू शकलं नाही. शेवटी तडजोड झाली. या मैदानातली काही गावं राजाला द्यायची आणि त्याने व्यापाऱ्यांना सुखरूप पलीकडे पोचवायचं. रस्ता बादशहाचा होता, पण त्यावरून चालायला आणि थांबायला डोंगरातल्या राजाची मर्जी लागत होती.

जहाज फुटल्यावर

आता बोट सोडलेल्यांकडे येऊ. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचं "असेन्शन" नावाचं जहाज १६०८ मध्ये इंग्लंडहून निघालं. आफ्रिकेला वळसा घालून, एडन आणि मोखा करून सप्टेंबर १६०९ मध्ये ते गुजरातच्या किनाऱ्यावर आलं आणि गणदेवीसमोरच्या उथळ पाण्यात रुतून फुटलं. गणदेवी म्हणजे आजच्या नवसारी जिल्ह्यात. माणसं छोट्या होड्यांमधून किनाऱ्याला लागली आणि जीव वाचला.

पण पुढचं कसं? दीड वर्ष ज्यांचं घर जहाज होतं, ज्यांचं जेवण, झोप, शिस्त, पगार सगळं जहाजाशी बांधलेलं, ते आता नुसते परदेशी लोकांचा घोळका झाले. सुरतेत त्यांना शहरात राहू दिलं नाही, बाहेरच्या एका गावात ठेवलं. फिंच तेव्हा सुरतेत होता. तो आपल्याच माणसांवर वैतागून लिहितो की खलाशांनी दारू पिऊन दंगा केला आणि एकाने तर वासरू मारलं. या देशात ते खुनापेक्षा मोठं पातक आहे, हेही तोच सांगतो. मग काय, लवकरात लवकर इथून निघा, एवढाच सल्ला उरला.

आणि निघाले. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे, म्हणजे आपल्या खानदेशातून. पावसाळा नुकताच सरत होता, नद्यांना पाणी होतं. आयुष्यभर वारा आणि दोर हाताळलेले हात आता बैलांच्या मागे चालत होते. बुऱ्हाणपुरानंतर टोळी फुटली. विल्यम निकोल्स नावाचा एक खलाशी तिथून आडवा देश कापत पूर्व किनाऱ्यावर मछलीपट्टणला पोचला. रॉबर्ट कोव्हर्ट नावाचा दुसरा आग्र्याला गेला, तिथून कंदाहार, इस्फहान, बगदाद, अलेप्पो असा जमिनीवरून चालत-स्वार होत १६११ मध्ये इंग्लंडला परतला. १६१२ मध्ये त्याने पुस्तक काढलं. शीर्षकातच सांगून टाकलं होतं की ही खरी पण जवळजवळ अविश्वसनीय हकिगत आहे.

कोव्हर्टचं मला विशेष वाटतं ते यासाठी की त्याच्याकडे काही नव्हतं. ना तोफा, ना नजराणे, ना बादशहाच्या नावाचं पत्र. जहाजावर असताना त्याची सुरक्षितता लाकडाच्या भिंतीत होती. रस्त्यावर ती रोज संध्याकाळी नव्याने मिळवावी लागत होती. आज रात्री कोण पाणी देईल, कोण ओसरी देईल, सकाळी कोण वाट दाखवेल. या देणाऱ्यांची नावं त्याच्या पुस्तकात नाहीत. ती माणसं आपल्याकडची होती.

कप्तान आणि रहीम

नाइलाजाने रस्त्याला लागलेल्यांच्या आधी एक जण ठरवून लागला होता. विल्यम हॉकिन्स, "हेक्टर" जहाजाचा कप्तान. २४ ऑगस्ट १६०८ ला तो सुरतेला उतरला. जहाज पुढे जावा बेटाकडे गेलं, कप्तान मागे राहिला. म्हणजे यूट्यूबवरच्या त्या जोडप्याने निदान बोट विकली होती. याची बोट याला सोडून निघून गेली.

१ फेब्रुवारी १६०९ ला तो पठाण घोडेस्वारांचं संरक्षण घेऊन सुरतेहून निघाला आणि १८ तारखेला बुऱ्हाणपूरला पोचला. तिथे त्याला भेटला खानखानान. आपण शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तोच अब्दुर्रहीम खानखानान, आपला रहीम. दोघांमध्ये समान भाषा कोणती निघाली असेल? तुर्की! हॉकिन्स आधी तुर्की बोलणाऱ्या मुलखात राहिलेला होता, आणि रहीमच्या घराण्याची ती भाषाच होती. खानदेशच्या दारात एक इंग्रज कप्तान आणि एक मुघल कवी-सेनापती तुर्कीत तासन्‌तास बोलत बसले. रहीमने मेजवानी दिली, वस्त्रं दिली आणि बादशहासाठी शिफारसपत्र दिलं.

तेव्हाचं जीपीएस म्हणजे हे पत्र. ते दाखवलं की पुढच्या ठाण्यावर जागा मिळायची. हॉकिन्स आग्र्याला पोचला, जहांगीरच्या दरबारात रमला, मनसब मिळाली, आर्मेनियन मुलीशी लग्नही झालं. पण दोन-अडीच वर्षांत मर्जी फिरली आणि तो परत समुद्राकडे वळला. इंग्लंडला जाताना वाटेतच वारला.

राजदूताचा तंबू

आता सगळ्यात थाटाचा प्रवासी. सर टॉमस रो, इंग्लंडच्या राजाचा वकील. सप्टेंबर १६१५ मध्ये सुवाळीला जहाजातून उतरला. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुरतेहून निघून १४ तारखेला बुऱ्हाणपुरात. म्हणजे दोन आठवडे. हिशेब केला तर रोज सरासरी २५ किलोमीटरच्या आसपास. या वेगाने साक्रीहून निघालात तर धुळ्याला पोचायला दोन दिवस लागले असते.

रोला खानदेश अजिबात आवडला नाही. देश ओसाड, गावं मातीची, माणसाने टेकावं असं घर नाही, असा त्याचा सूर. वाचताना थोडा राग येतो, खरं सांगतो. पण पुढचं वाचलं की मजा वाटते. बुऱ्हाणपूर म्हणजे मोठं शहर, शाहजाद्याचं ठाणं. तिथे या राजदूताला सराईत चार खोल्या मिळाल्या. विटांच्या, वरून गोल, अगदी भट्टीसारख्या. रोने तिथे झोपायचं नाकारलं आणि स्वतःचा तंबू ठोकून त्यात राहिला. तिथेच तापाने आजारी पडला आणि पुढचा प्रवास पालखीतून करावा लागला. मातीच्या घरांना नावं ठेवणाऱ्याला शहरात पक्क्या विटांच्या खोल्या मिळाल्या आणि त्याही नकोशा झाल्या.

रोच्या गोष्टीत एक गाडीही आहे. बादशहाला नजराणा म्हणून इंग्रजांनी एक कोच आणला होता, म्हणजे घोड्यांची बंद गाडी, सोबत इंग्रज गाडीवानासकट. जहाजाच्या पोटातून सुरतेला उतरलेली ही गाडी अजमेरला पोचली. जहांगीरने काय केलं असेल? कारागिरांकडून ती खोलून बघितली आणि हुबेहूब दुसरी बनवून घेतली. आमच्या धंद्यात याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. १६१६ च्या नोव्हेंबरमध्ये अजमेर सोडताना बादशहा नव्या गाडीत बसला आणि इंग्लंडची गाडी, आतलं कापड बदलून, नूरजहाँकडे गेली.

मग रो बादशहाच्या लष्करामागून निघाला आणि ते लष्कर पाहून थक्क झाला. चार तासांत उभं राहणारं शहर, घेर २० मैलांचा, रस्ते ठरलेले, प्रत्येकाची जागा ठरलेली. हा माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या फिरत्या घरासोबत प्रवास करत होता. आणि गंमत म्हणजे याच प्रवासाच्या सुरुवातीला राजदूतसाहेब बरेच दिवस मागे अडकून पडले, कारण सामानासाठी उंट आणि गाड्याच मिळत नव्हत्या. राजाचं पत्र खिशात असून उपयोग काय, गाडीवान हवा ना!

दमणी आणि पिठाचे गोळे

या गाड्या नेमक्या कशा होत्या हे सगळ्यात छान सांगतो ज्याँ-बाप्तिस्त ताव्हेर्निये. हा फ्रेंच जवाहिऱ्या. भारतात कित्येकदा आला आणि १६७६ मध्ये त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्याचं वर्णन वाचताना मला आपली दमणी दिसते. हलकी, दोन माणसांची गाडी, पण आरामासाठी शक्यतो एकट्याने बसायचं आणि उरलेल्या जागेत कपडे ठेवायचे. आत गाद्या, बाजूला पडदे, आणि खाली दारूच्या पेटीसाठी खास जागा. आरव्हीवाले ज्याला अंडरफ्लोअर स्टोरेज म्हणून मिरवतात, ते सतराव्या शतकात बैलगाडीला होतं.

ताव्हेर्नियेच्या स्वतःच्या बैलजोडीची किंमत होती ६०० रुपयांच्या घरात. तेव्हा सोबत चालणाऱ्या शिपायाचा महिन्याचा पगार साधारण चार रुपये होता, यावरून अंदाज घ्या. बैलांना अर्धी मजल झाली की गव्हाच्या पिठात तूप आणि गूळ मळून गोळे चारायचे. आमच्याकडे पोळ्याला बैलांना पुरणपोळी देतात, त्या बैलांचा तर रोजच पोळा. पैसे फ्रेंच माणसाचे असतील, पण बैलाला कधी थांबवायचं, कुठे पाणी दाखवायचं, उतारावर वेसण कशी धरायची, हे गाडीवानाला ठाऊक.

ताव्हेर्निये नवापूरबद्दल काय लिहितो ते ऐकून नवापूरकरांची छाती फुगेल. तिथला तांदूळ. दाणा बारीक, साध्या तांदळाच्या निम्मा. शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. मोठे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत आणि इराणात कोणाला भेट द्यायची तर याची गोणी न्यायची. रोने जिथे ओसाड माळ पाहिला, तिथेच याला इराणात भेट नेण्याजोगी चीज सापडली. फरक एवढाच की हा माणूस थांबून जेवला.

ज्यांचं घर रस्ताच होतं

आतापर्यंतचे सगळे पाहुणे. चार दिवस रस्त्यावर राहिले आणि गेले. पण याच रस्त्यावर कायमची राहणारी माणसं होती. बंजारा, लमाण.

ताव्हेर्नियेने त्यांच्याबद्दल लिहिलंय की १० ते १२ हजार बैलांचा एकेक तांडा असायचा. काही फक्त धान्य वाहायचे, काही फक्त तांदूळ, काही डाळी, काही मीठ. बायका, मुलं, देव, सगळं सोबत. घर बांधून राहणं नाही, तंबूतच जन्म आणि तंबूतच मरण. अरुंद वाटेत असा तांडा समोर आला तर दोन-तीन दिवस बाजूला थांबून राहावं लागायचं. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाने १६३२ मध्ये उत्तरेत धान्य लादलेल्या १४ हजार बैलांचा तांडा पाहिल्याचं नोंदवलंय. एका बैलावर दोन-अडीच मण जरी धरलं, तरी आजच्या किती ट्रकांचा माल होईल ते तुम्हीच काढा.

कॅराव्हॅन हा शब्द फारसी "कारवान"वरून आला. इंग्रजीतला "व्हॅन" त्याचंच तोडलेलं शेपूट. म्हणजे मारुती व्हॅनपासून आरव्हीपर्यंत सगळ्या गाड्यांच्या नावात हे तांडे बसलेत.

आता नंदुरबारला येऊ. साल १६३०. गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भयंकर दुष्काळ पडला होता. तुकोबांच्या संसारावर घाला घालणारा तोच हा दुष्काळ. मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आपल्याच वाटेने निघाला. रस्ताभर मेलेली माणसं, दुर्गंधीने श्वास घेणं अवघड. नंदुरबारला तंबू ठोकायला प्रेतांमधून मोकळी जागा मिळेना. मुक्कामाच्या जागेवरच मरण मुक्कामाला आलेलं. जवळ पैसे असलेला, राहुटी असलेला, सोबत माणसं असलेला प्रवासीसुद्धा तिथे हतबल होता.

त्याच वेळी शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. पुढच्या जूनमध्ये मुमताजमहल तिथेच वारली. एवढ्या लष्कराला धान्य लागतं, आणि ते पोचवायचे बंजाऱ्यांचे बैल. रस्ता एकच. त्यावरून सैन्यासाठी धान्याच्या गोण्या जातात आणि त्याच्याच कडेला गावकरी उपाशी मरतात. पुस्तकात ताजमहालाच्या पानावर ही बाजू सहसा नसते.

तांडा ते गुन्हेगार

पुढची २०० वर्षं तांडे चालत राहिले. मग पक्क्या सडका झाल्या आणि १८६० च्या दशकात खानदेशात रेल्वे आली. जे काम १० हजार बैल करायचे ते मालगाडी करू लागली. लदेणी संपली. बंजाऱ्यांचा धंदा बुडाला तसं त्यांचं फिरणंही सरकारच्या डोळ्यांवर आलं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. ज्या जमातींची नोंद झाली त्यांनी हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय हद्द सोडायची नाही. पुढे काही भागांत बंजारा-लमाणांवरही हा शिक्का बसला.

जरा थांबून बघा. १६०९ मध्ये वासरू मारणाऱ्या परक्या खलाशाला "बाबा, इथून पुढे जा" एवढंच सांगितलं गेलं. आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या देशाचं धान्य आणि मीठ पाठीवर वाहिलं, त्यांना त्यांच्याच रस्त्यावर चालायला पास लागायला लागला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला गेला. म्हणून या समाजांना विमुक्त म्हणतात आणि आपल्याकडे बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत येतो. कायद्यातला शिक्का गेला, लोकांच्या नजरेतला मात्र इतक्या सहज गेला नाही.

राईनपाडा

हे मी सांगतोय ते एका तारखेमुळे. १ जुलै २०१८, रविवार. आमच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेले, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे गेले होते. पिंपळनेरजवळ त्यांनी पालं ठोकली होती. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारून टाकलं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. तसलेच व्हिडिओ आमच्या गावाकडच्या ग्रुपवरही येत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आता मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. अशी मर्यादा घालायला कोडच्या किती ओळी लागत असतील याचा मला अंदाज आहे. फार नाही लागत.

पण सगळं मेसेजवर ढकलून मोकळं होता येणार नाही. अफवा फोनमधून आली, तरी "पालात राहणारा म्हणजे संशयित" हे फोनच्या आधीपासून डोक्यात होतं. १८७१ पासून तर नक्कीच. अंगावरचे कपडे, झोळी आणि गावात ओळखीचं कोणी नसणं, एवढ्यावर निकाल लागला.

आणि याच तालुक्यात याच्या उलटही रोज घडतं, तेही सांगायला पाहिजे. आमच्याकडे ठेलारी आहेत, मेंढपाळ. घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढ्या घेऊन वर्षातले कित्येक महिने फिरतात. पिकं निघाली की शेतकरी त्यांना बोलावून आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडीखत आयतं मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. कधी चाऱ्यावरून, कधी उभ्या पिकावरून भांडणंही होतात. पण हा करार टिकून आहे, कारण दोघांनाही एकमेकांची गरज माहीत आहे आणि तोंडओळख आहे. शेतात पाल दिसलं की शेजारचा शेतकरी पोलिसांना फोन लावत नाही. तो विचारतो, "आमच्याकडे कधी येताय?"

मग त्या पहिल्या वाक्याचं काय करायचं? "वाटेल तिथे थांबता येईल." हे वाक्य ज्याला म्हणता येतं त्याच्याकडे हॉकिन्ससारखं पत्र असतं, ताव्हेर्नियेसारखे पैसे असतात, किंवा आजच्या हिशेबाने चकचकीत गाडी आणि आधार कार्ड असतं. कोव्हर्टकडे यातलं काही नव्हतं, तरी तो खानदेशातून जिवंत पार झाला. भाषा वेगळी, रंग वेगळा, कपडे फाटके, धर्म परका. चारशे वर्षांपूर्वी मुलं पळवणारा ठरायला त्याच्याइतका योग्य माणूस सापडला नसता. तरी थाळनेरच्या, चोपड्याच्या, रावेरच्या वाटेवर त्याला कोणीतरी पाणी दिलं, कोणीतरी रात्रीपुरती जागा दिली.

खानदेशच्या इतिहासात मोठ्या राजधान्या कमी आणि मुक्काम जास्त, असं लोक थोडं हिणवून म्हणतात. मला आता त्यात कमीपणा वाटत नाही. आलेल्याला रात्रीपुरती जागा देणं हेच आपलं जुनं काम होतं, आणि अनेक शतकं आपण ते बऱ्यापैकी केलं. राईनपाड्याच्या दिवशी ते मोडलं. पुन्हा जमवायचं तर कोणत्याही धोरणाची वाट बघावी लागणार नाही. गावाबाहेर पाल दिसलं की ग्रुपवर फोटो टाकण्याआधी जाऊन विचारायचं, "कुठले हो तुम्ही? पाणी आहे का?"

आज एवढंच. पुढच्या भागात थाळनेरला जाऊ. फारुकी सुलतानांच्या कबरी आणि तापीकाठची ती जुनी राजधानी नीट बघू. तुमच्या गावात तांड्याची विहीर, सराईची जागा, लमाणांच्या मुक्कामाचा माळ असं काही असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा. नावं लिहून घ्या. त्या डायऱ्यांमध्ये गावांची नावं आली, माणसांची राहून गेली. ती आपल्यालाच लिहावी लागतील.

भेटू पुढच्या भागात.